कुत्र्याच्या वाटणीची भाकर

कुत्र्याला वळण लावायचं काम मी काही मागून घेतलेलं नाही, ते गळ्यात पडलं. चिकलठाण्याच्या एका कारखान्यात मी तीस-बत्तीस वर्षं तपासणी विभागात काढली. समोर आलेला माल बरोबर आहे का नाही, एवढंच सांगायचं. मापात बसला तर पुढं, नाही बसला तर लाल पेटीत. मधलं काही नसतं. निवृत्त होताना ओळखपत्र आणि हेल्मेट जमा करून घेतलं त्यांनी, तसा स्वभावही जमा करून घ्यायला पाहिजे होता, असं माझी बायको म्हणते. तो मी घरी आणला.

पुंडलिकनगरात आमचं छोटं बैठं घर आहे. पुढं ओटा, ओट्याला ग्रिल, गेटाशी चार कुंड्या. घरात माणसं तीन. मी, बायको आणि माझे वडील. वडलांना आम्ही दादा म्हणतो. वय ऐंशीच्या पुढं. जन्मभर गावाकडं शेती केली. आई गेल्यावर तिकडं एकट्यानं निभेना म्हणून मी त्यांना इथं घेऊन आलो. आल्या आल्या घराच्या चार गोष्टी त्यांना सांगाव्या लागल्या. तंबाखू खाऊन कुंडीत थुंकायचं नाही. पहाटे चारला उठून बादल्या आपटायच्या नाहीत. बाथरूमची चप्पल बाथरूममध्येच ठेवायची. फोनवर बोलताना शिवारात हाक मारल्यासारखं ओरडायचं नाही. दादा महिनाभरात सगळं शिकले. एका शब्दानं तक्रार केली नाही. म्हातारा समजूतदार आहे म्हणून मी चारचौघांत त्यांचं कौतुकही करायचो.

अडीच वर्षांपूर्वी ते बाथरूममध्ये घसरले आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी सांगितलं की खाली बसायचं नाही, वाकायचं नाही, वॉकरशिवाय चालायचं नाही, आणि मुख्य म्हणजे आता पडायचं नाही. पुन्हा पडले तर अंथरुणातून उठायचे नाहीत, असं मला बाजूला घेऊन म्हणाले. दवाखान्यात सगळ्या रात्री बायकोनं काढल्या. मी डबे पोहोचवले. घरी आल्यावर दादा गप्प झाले. चिडले नव्हते, रुसलेही नव्हते, नुसते गप्प. दिवसाला पाच-सहा शब्द. व्हय, नाय, बास, दे. ओट्यावरच्या खुर्चीत बसून गेटाकडं बघत राहायचे. बायको म्हणायची, बोला ना त्यांच्याशी काहीतरी. मी जाऊन बसायचो आणि गोळ्या घेतल्या का विचारायचो. घेतल्या म्हणायचे. मग दोघंही गेटाकडं बघायचो.

अशात आमची लेक पुण्याहून आली ती मांडीवर खोकं घेऊन. खोक्यात लॅब्रॅडॉरचं पिल्लू, खारी बिस्किटाच्या रंगाचं. हौसेनं घेतलं, आणि घरमालक म्हणाला कुत्रं चालणार नाही. म्हणाली, आता पप्पा, तुम्ही तर घरीच असता. घरचं झालं थोडं अन् व्याह्यानं धाडलं घोडं, असं मी म्हणालो, पण ती खोकं ठेवून रविवारी परत गेली. तिनं त्याला काहीतरी इंग्रजी नाव दिलं होतं. ते दादांच्या जिभेवर बसेना. ते त्याला गड्या म्हणायला लागले, आणि पिल्लूही त्याच हाकेला यायला लागलं.

तिसऱ्या-चौथ्या दिवशी दुपारी मला ओट्यावरून बोलणं ऐकू आलं. मला वाटलं कुणी पाहुणा आला. जाऊन बघतो तर दादा. पिल्लू वॉकरच्या पायाशी पसरलेलं आणि दादा त्याला आमच्या पांढऱ्या गोऱ्ह्याची गोष्ट सांगत होते. गोऱ्हा कसा उधळायचा, मानेवर जू ठेवू द्यायचा नाही, मग त्याला म्हाताऱ्या बैलाशेजारी जुंपला. "म्हातारा थांबला की ह्यानं थांबायचं, म्हातारा चालला की ह्यानं चालायचं. कुणी शिकवलं नाय त्याला. शेजारी राहून शिकला." चांगला अर्धा तास चाललं होतं. मी दाराआड उभा राहून सगळं ऐकलं. गोऱ्ह्याची गोष्ट मला माहीत नव्हती. आवाज मात्र ओळखीचा होता, दोन वर्षांत ऐकला नव्हता एवढंच. खरं सांगतो, मला भरून आलं. आत येऊन बायकोला सांगितलं तर ती म्हणाली, कालपासून बोलतायत, तुमचं लक्ष कुठं असतं.

पण कुत्रं काही पिल्लू राहत नाही. पाचव्या महिन्यात ते चांगलं दांडगट झालं. आनंद झाला की उडी. माणूस दिसला की उडी. दूधवाल्याची पिशवी दोनदा फोडली. आणि एका संध्याकाळी त्यानं पुढचे दोन्ही पाय दादांच्या छातीवर ठेवले. वॉकर कलंडला. दादांनी ग्रिल धरली म्हणून वाचले. बायको पिठाच्या हातानं बाहेर धावली. दादा म्हणत होते, काय नाय झालं, काय नाय झालं. ग्रिल मात्र सोडत नव्हते.

आत आल्यावर बायको मला म्हणाली, "कुत्रं मोठं का माणूस मोठा? पुन्हा दवाखान्यात मी बसायचंय, तुम्ही नाही." ठरलं ते असं. लेक महिन्याभरानं येणार होती. तोवर कुत्र्यानं दादांच्या अंगावर उडी मारायची बंद केली तर राहील. नाहीतर माझ्या एका जुन्या सहकाऱ्याचं चिकलठाण्याला वर्कशॉप आहे, त्याला राखणीला कुत्रं हवं होतं, तिकडं जाईल. मी ते वर्कशॉप जाऊन बघून आलो. पत्र्याची शेड, बाजूला लोखंडाचं भंगार, खांबाला दीड-दोन हात साखळी. आधीच्या कुत्र्याचं ताट तिथंच पालथं पडलं होतं. घरी मी एवढंच सांगितलं की जागा ऐसपैस आहे. दादांनी विचारलं, बांधून ठेवणार का? मी म्हटलं, रात्री सोडतील. त्या दिवशी त्यांचा चहा तसाच निवून गेला.

मग मी कामाला लागलो. कुत्रं गेलं तर दादांची जीभ पुन्हा जाणार, हे मला कुणी सांगायची गरज नव्हती. कुत्रं राहिलं आणि दादा पडले तर दादाच जाणार. एवढा सरळ हिशोब होता. जनावरांच्या डॉक्टरकडं गेलो. तरुण मुलगी होती, पण बोलणं खणखणीत. ती म्हणाली, ओरडायचं नाही, मारायचं नाही. उडी मारली की पाठ फिरवायची. खाली बसला की लगेच खाऊ द्यायचा. आणि घरातल्या सगळ्यांनी एकसारखं वागायचं. एक माणूस जरी फितूर निघाला तरी बाकीच्यांची मेहनत पाण्यात. फितूर हा शब्द तिचाच.

औरंगपुऱ्याच्या बाजारात जाऊन पट्टा आणला. दुकानदारानं एक शिटीही गळ्यात मारली, म्हणाला हिच्या आवाजावर कुत्रं कुठूनही धावत येतं. घरी येऊन वाजवली तर शेजारचे दोघं बाहेर आले आणि कुत्रं झोपून राहिलं. शिटी अजून कपाटात आहे.

फ्रिजवर मी कागद लावला. रोजची तारीख, सकाळ, संध्याकाळ, किती वेळा सांगितलं, किती वेळा ऐकलं. बायको म्हणाली, तुमचा कारखाना बंद नाही झाला, इकडं शिफ्ट झाला. म्हणू दे. पहिला आठवडा पालथ्या घड्यावर पाणी. मी खिशात टोस्टाचे तुकडे घेऊन घरभर फिरायचो आणि कुत्रं माझा खिसा हुंगत मागं. बस म्हटलं की आडवं व्हायचं. ये म्हटलं की पळायचं. दुसऱ्या आठवड्यात त्याच्या डोक्यात प्रकाश पडला. बस म्हटलं की बसायला लागलं. दार उघडलं तरी मी म्हणेपर्यंत उंबऱ्याच्या आत थांबायचं. मला बघून उडी मारायचं थांबलं, बायकोला बघून थांबलं, दूधवाल्याला बघूनही थांबलं.

सगळ्यात चांगलं शिकलं ते ताटापुढं थांबणं. त्याचं स्टीलचं ताट भरून समोर ठेवायचं. त्यानं बसायचं. माझ्याकडं बघत राहायचं, ताटाकडं नाही. लाळ टपकायची, शेपूट फरशीवर आपटायचं, पण तोंड खाली जायचं नाही. मी घे म्हटलं की मगच. आधी पाच आकडे मोजायचो, मग दहा, मग वीस. त्या थांबण्याचा मला फार अभिमान वाटायचा. येणाऱ्या-जाणाऱ्याला मुद्दाम दाखवायचो.

ते बघताना मला माझं लहानपण आठवायचं. दादा मला पाढे म्हणायला लावायचे ते ताटावर. आई वाढून ठेवायची, वाफा निघत असायच्या, आणि दादा म्हणायचे, हं, म्हण. पाढा झाला की जेवायचं. एकोणतिसाशी माझी गाडी नेहमी अडायची. एकदा तो आलाच नाही. दादांनी ताट उचलून आत दिलं आणि मी तसाच झोपलो. ही गोष्ट मी कारखान्यात नव्यानं लागलेल्या पोरांना किती वेळा सांगितली असेल. बाप असा होता म्हणून आम्ही माणसात आलो, असं शेवटी म्हणायचो. ती पोरं मान डोलवायची.

तर सगळं बसत होतं, पण एक गोष्ट बसत नव्हती. कुत्रं सगळ्यांच्या बाबतीत शहाणं झालं होतं आणि दादांच्या अंगावर मात्र रोज संध्याकाळी उडी मारत होतं. नेमकं ज्यांच्यासाठी एवढा खटाटोप, त्यांच्याच अंगावर. मी दोन दिवस लक्ष ठेवलं आणि फितूर सापडला.

आमच्याकडं पूर्वीपासूनची रीत आहे. तव्यावरची पहिली भाकरी गाईची, शेवटची कुत्र्याची. बायको आजही पाळते. पहिली सकाळी गल्लीत येणाऱ्या गाईला जाते. शेवटची रोज दादांच्या हातात द्यायची, आणि दादांनी ती कुत्र्याला घालायची. गावाकडं असंच होतं, इथं आल्यावर ते गेटाबाहेरच्या कुत्र्यांना घालायचे. आता घरातच कुत्रं. पूर्वी ते खाली बसून भाकरी जमिनीवर ठेवायचे. खुब्यामुळं आता वाकता येईना. मग जेवण झालं की उभं राहायचं, एक हात वॉकरवर, दुसऱ्या हातात भाकरी, आणि हाक मारायची. भाकरी अशी वर धरलेली. कुत्रं उडी नाही मारणार तर काय करणार?

मी दादांना समजावलं. म्हटलं, देऊ नका असं नाही. फक्त आधी बस म्हणा. तो बसला की द्या. खुर्चीत बसूनच द्या. दादांनी ऐकून घेतलं आणि संध्याकाळी उभं राहूनच दिली, काही न म्हणता. दुसऱ्या दिवशी मी पुन्हा सांगितलं. तिसऱ्या दिवशी माझा आवाज चढला. मी कागद काढून दाखवला, आठ दिवस राहिलेत म्हटलं, तो शेडवर साखळीला गेला तर चालेल का तुम्हाला? एक शब्द म्हणायचाय, बस, तोंड दुखतंय का?

दादांनी कागदाकडं बघितलंही नाही.

"तू त्याला तुझा खाऊ दे कसा द्यायचा तसा," ते म्हणाले. "ही त्याच्या वाटणीची भाकर हाय. ही काय बक्षीस नाय. वाटणीसाठी त्यानं कुणापुढं बसायचं नाय."

मी म्हटलं, दादा, कुत्रं आहे ते.

"तुला ताटावर बसवून पाढे म्हणून घेतले मी," दादा म्हणाले. "एकदा उपाशी झोपवला. तुझी माय आत रडत व्हती. लई चुकलं माझं. ह्या वयात ते पुन्हा नाय करणार."

मी काय बोलायला पाहिजे होतं ते आज कळतं. त्या वेळी मला राग आला. दादांनी चूक कबूल केली होती, पन्नास वर्षांनी, आणि मला राग आला. जी गोष्ट मी जन्मभर छाती पुढं काढून सांगितली तिच्यातली हवा काढून घेतल्यासारखं झालं. मी म्हटलं, "तुम्हाला जमत नसेल तर भाकरी द्यायचीच नाही. हे माझं घर आहे, इथं माझ्या पद्धतीनं चालेल."

बायको स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिनं माझ्याकडं बघितलं आणि आत गेली. दादा म्हणाले, "बरं." तेवढंच.

त्या संध्याकाळपासून दादांनी भाकरी दिली नाही. बायको सवयीनं शेवटची भाकरी टाकायचीच. ती डब्यात राहायची आणि सकाळी तिचा फोडणीचा कुस्करा व्हायचा. तो मीच खायचो, चवीनं. कुत्रं दोन-तीन दिवस जेवणानंतर दादांपुढं जाऊन उभं राहिलं. दादा गेटाकडं बघत राहायचे. मग कुत्र्यानंही जाणं सोडलं. कागदावर सगळे चौकोन भरायला लागले. बरोबर, बरोबर, बरोबर.

दादाही फार नीट वागायला लागले होते. पंखा लावायचा तर विचारायचे, पंखा लावू का? बाहेर बसायचं तर विचारायचे, बाहेर बसू का? टीव्हीचा आवाज मी न सांगता कमी करायचे. मी बायकोला म्हटलंसुद्धा, बघ, एकदा स्पष्ट बोललं की सगळं सुरळीत होतं. दुपारी ओट्यावरून बोलण्याचा आवाज येत नव्हता. ते माझ्या लक्षात आलं नाही. कागदावर त्याचा रकाना नव्हता.

लेक शनिवारी आली. पोहोचली तशी मी परीक्षा घेतली. कुत्र्याला ओट्यावर बसवलं. दादांना म्हटलं, आतून गेटापर्यंत चालत या. दादा वॉकर टेकवत आले, कुत्र्याच्या इतक्या जवळून की धोतर त्याच्या नाकाला लागलं असेल. कुत्रं जागचं हललं नाही. शेपूटही हललं नाही. लेकीनं मला मिठी मारली. बायको म्हणाली, ठीक आहे, राहू द्या. मी तिथूनच वर्कशॉपवाल्याला फोन लावला आणि दुसरं कुत्रं बघ म्हणून सांगितलं. मला फार बरं वाटलं. निवृत्त झाल्यापासून इतकं बरं वाटलं नव्हतं.

दादा गेटापाशीच उभे होते. त्यांनी विचारलं, "आत येऊ का?" मी म्हटलं, या की.

रात्री सगळे जेवायला बसलो. दादांना खाली बसता येत नाही म्हणून आता आम्ही सगळेच टेबलावर बसतो. लेकीसाठी बायकोनं भरलं वांगं केलं होतं, ज्वारीच्या भाकरी, ठेचा. भिंतीशी कुत्र्याचं ताट. लेकीला दाखवायचं होतं म्हणून मी त्या दिवशी जरा ताणलं. कुत्रं बसलं. मी मोजायला लागलो. वीस झाले, तीस झाले. लेक हसत होती, पप्पा, आता द्या ना त्याला. मी चाळीसपर्यंत नेलं आणि घे म्हटलं. कुत्र्यानं ताटात तोंड घातलं. लेकीनं टाळ्या वाजवल्या. मग ती आणि बायको जेवायला लागल्या. मी अजून कुत्र्याकडंच बघत होतो.

लेक म्हणाली, आजोबा, तुम्ही पण जेवा ना. निवतंय.

मी वळून बघितलं. दादांचं ताट जसंच्या तसं होतं. भाकरीचा पदर फुगलेला, तोही मोडलेला नव्हता. दोन्ही हात मांडीवर. ते लेकीकडं बघत नव्हते आणि ताटाकडंही नाही. माझ्याकडं बघत होते.

"जेवू का?" दादांनी विचारलं.

मला वाटलं थट्टा करतायत. तोंडाकडं बघितलं. थट्टा नव्हती, टोमणाही नव्हता. पंखा लावू का विचारायचे तसंच विचारलं होतं.

बायको हळू म्हणाली, "त्या दिवसापासून असंच चाललंय. तुम्ही पहिला घास घेतल्याशिवाय ते हात लावत नाहीत. मला वाटलं तुम्हाला दिसतंय."

मला दिसलं नव्हतं. मी रोज आधी घास घ्यायचो आणि ते माझ्यामागून जेवायचे. आज मी कुत्र्यात अडकलो म्हणून त्यांना विचारावं लागलं.

आता गंमत बघा. जेवा म्हणावं तर ती परवानगी झाली. मी घे म्हटलं आणि त्यानं तोंड घातलं तसंच ते झालं. न म्हणावं तर म्हातारा तसाच बसून राहणार, ताटातल्या वाफा जाईपर्यंत. माझ्या तोंडून दोन्हीतलं काही निघेना. मला लाज वाटली. वयाच्या साठीला, लेकीसमोर, भरल्या ताटावर इतकी लाज वाटेल असं मला कुणी सांगितलं असतं तर खरं वाटलं नसतं. एकोणतिसाचा पाढा अडला होता तेव्हासारखा मी खाली मान घालून बसलो.

मग मी उठलो. स्वयंपाकघरात जाऊन डबा उघडला. शेवटची भाकरी वरच होती, अजून गरम. ती आणून दादांच्या हातात दिली.

दादा म्हणाले, "उडी मारंल."

मी म्हटलं, "मारू दे. मी धरतो तुम्हाला."

ते माझ्याकडं बघत राहिले. मग वॉकरला हात घालून उठायला लागले. मी मागं जाऊन त्यांच्या काखेखालून दोन्ही हात घातले. माणूस इतका हलका झालेला मला माहीत नव्हतं. ऑपरेशननंतर त्यांना उठवणं-बसवणं सगळं बायकोनंच केलं, माझा हात कधी लागलाच नव्हता. बनियनमधून बरगड्या लागत होत्या. त्यांनी भाकरी वर धरली. कुत्रं ताट सोडून पुढं आलं आणि माझ्याकडं बघायला लागलं, मी काय म्हणतो म्हणून. मी काहीच म्हटलं नाही.

"ये गड्या," दादा म्हणाले.

कुत्र्यानं उडी मारली. महिन्याची सगळी शिकवण एका उडीत गेली. त्याचे पुढचे पाय दादांच्या छातीवर आले, दादांचं सगळं वजन माझ्या छातीवर आलं, मी एक पाय मागं टेकवला आणि तिघंही उभे राहिलो. भाकरी गेली. दादा हसत होते. मागून मला तोंड दिसत नव्हतं, पण त्यांची पाठ हलत होती. बायको उभी राहिली होती, ती पुन्हा बसली. लेकीला काय झालं ते कळलं नव्हतं. तिला नंतर तिच्या आईनं सांगितलं असेल.

मग दादा खुर्चीत बसले आणि कुणाला काही न विचारता जेवले. दोन भाकरी खाल्ल्या आणि वांगं पुन्हा मागून घेतलं.

कुत्रं अजून आमच्याकडंच आहे. मी बस म्हटलं की बसतं, दारात थांबतं, दूधवाल्याला त्रास देत नाही. पण शेवटच्या भाकरीला रोज उडी मारतं. डॉक्टरीण बाईंना सांगितलं तर म्हणाल्या, काका, मग शिकवलं कशाला. माझ्या जुन्या मापानं बघितलं तर माल लाल पेटीतलाच आहे. फ्रिजवरचा कागद बायकोनं काढून भाकरीच्या डब्यात घालायला वापरला. दुपारी ओट्यावर दादा त्याला गोष्टी सांगतात. मध्ये एकदा मीही जाऊन बसलो, गोळ्यांचं काही विचारलं नाही. पांढऱ्या गोऱ्ह्याचं पुढं काय झालं ते विचारलं. म्हातारा बैल गेल्यावर त्याच्या जागी पांढरा लागला आणि त्याच्या शेजारी नवा गोऱ्हा, असं दादा म्हणाले.

संध्याकाळी जेवण झालं की दादा खुर्चीच्या हातावर बोटानं दोनदा वाजवतात. मी हात धुतो, आणि जाऊन त्यांच्या मागं उभा राहतो.